उजवीकडची खुर्ची, डावीकडची खुर्ची

आजचं वाचन: मार्क १०:३५–४५
सोबत काढून ठेवा: मार्क ३:१३–१५, मार्क ६:७–१३ आणि ३०–३१, १ पेत्र ५:१–५



मे महिना आणि दिवाळीची सुट्टी म्हणजे आपल्याकडे युवा शिबिरांचा हंगाम. पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली इथल्या मंडळ्यांमधली मुलंमुली बॅगा भरून लोणावळ्याला, नाहीतर कर्जतच्या बाजूला जातात. फलकावर लिहिलेलं असतं 'युवा नेतृत्व प्रशिक्षण'. तीन-चार दिवस अभ्यास, गटचर्चा, खेळ, थोडीशी झोप. शेवटच्या रात्री दिवे मंद होतात, गिटार हळू वाजते, कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी येतं, निर्णयपत्रकं भरली जातात. आणि सोमवारी सकाळी सगळे परत पनवेल स्टेशनच्या पुलावर, लोकलच्या गर्दीत.

त्या शेवटच्या रात्रीची चेष्टा मला करायची नाही. पुष्कळांचं खरं काहीतरी तिथेच सुरू झालेलं आहे. पण शिबिराची परीक्षा त्या रात्री होत नाही. ती सोमवारी होते, पुढच्या पावसाळ्यात होते, दहा वर्षांनी होते. नेतृत्वाचं शिक्षण घेतलेला एखादा तरुण पुढे आयुष्यभर सेवा करत राहतो, ते नेमकं कशामुळे? आणि त्याच्याच शेजारी बसलेल्या दुसऱ्याच्या बाबतीत ते का घडत नाही? आज हे वचनातून पाहू या, आणि आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन उदाहरणांवरूनही.

आधी शब्दाचं बोलू. 'नेता', 'पुढारी' हे शब्द आपल्या कानावर कुठून पडतात? चौकातल्या फ्लेक्सवरून. वाढदिवसाच्या शुभेच्छा, हात जोडलेला फोटो, खाली पन्नास लहान फोटो, आणि वर 'भावी नगरसेवक'. गंमत बघा, त्या पदाच्या नावातच 'सेवक' आहे! २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली, आणि तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे आणखीच दिसू लागला. सेवक होण्यासाठी एवढी मोठी चढाओढ जगात दुसरीकडे कुठे दिसणार नाही.

पण हसून पुढे जाऊ नका. आपल्या मंडळीतही 'सेवा' हा शब्द असाच हळूहळू सरकत गेलाय. "तू कुठे सेवा करतोस?" असं विचारलं की उत्तर येतं, "वर्शिप टीममध्ये", "मीडियामध्ये", "अँकरिंग करतो". सतरंज्या कोण घालतं, उपासनेनंतर चहाचे कप कोण धुतं, आजारी आजीला रिक्षात कोण बसवून देतं, हे 'सेवा' या सदरात येतच नाही. ते 'मदत' या सदरात येतं. शब्दांची ही वाटणी आपण कधी केली, कुणालाच आठवत नाही.

आता वचनाकडे.

याकोब आणि योहान येशूकडे येतात आणि म्हणतात, आम्ही जे मागू ते आम्हांला दे. मागणं काय, तर तू गौरवात बसशील तेव्हा एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसव. हा उतारा आपण इतक्या वेळा ऐकलाय की त्यातला धक्का जातो. हे दोघे नवखे नव्हते, हे लक्षात घ्या. समुद्रकिनाऱ्यावर जाळी सोडून निघालेले पहिले चौघे, त्यांतले हे दोघे. याईराच्या मुलीच्या खोलीत येशूने तिघांनाच आत नेलं, त्यांतले हे दोघे. डोंगरावर रूपांतर झालं तेव्हाही हेच. म्हणजे सगळ्यांत चांगल्या शिक्षकाच्या सगळ्यांत आतल्या तुकडीत हे होते, आणि शिक्षण बरंच पुढे गेलेलं असताना त्यांनी खुर्ची मागितली.

उरलेले दहा रागावले. ते का रागावले असतील, हे सांगायला टीकाकार लागत नाही. त्यांनाही तीच हवी होती. एकच प्रकरण मागे जा, मार्क ९:३३–३४. कफर्णहूमच्या वाटेवर ते सगळेच 'मोठा कोण' यावरून भांडत होते. आणि लूक २२:२४ वाचलंत तर शेवटच्या भोजनाच्या मेजावरही पुन्हा तोच वाद! तीन वर्षांच्या शिबिराचं शेवटचं सत्र, आणि विषय पहिल्या दिवशीचाच.

मला यात मोठा दिलासा वाटतो, खरं सांगायचं तर. येशूने त्यांना काढून टाकलं नाही. 'तुमची निवडच चुकली' असं म्हटलं नाही. त्याने सर्वांना जवळ बोलावलं आणि समजावलं: परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर धनीपण करतात, तुमच्यात तसं असायचं नाही, ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं, ज्याला पहिलं व्हायचंय त्याने दास व्हावं.

मूळ ग्रीकमध्ये इथे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला 'दियाकोनॉस', म्हणजे पंगतीत वाढणारा, निरोप पोचवणारा, पडेल ते काम करणारा. दुसरा 'दूलॉस', म्हणजे गुलाम. दोन पायऱ्या आहेत, आणि दोन्ही खाली उतरणाऱ्या. आणखी एक बारीक गोष्ट आहे: पहिल्या वाक्यात 'तुमचा' सेवक आहे, दुसऱ्यात 'सर्वांचा' दास. आपल्या गटातल्यांची सेवा करणं तसं सोपं असतं, ते निदान धन्यवाद म्हणतात. 'सर्वांचा' म्हटलं की त्यात ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत तेही आले.

मग ४५ वं वचन, ज्यात प्रभू स्वतःबद्दल सांगतो की मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला आलेला नाही, सेवा करायला आणि पुष्कळांसाठी खंडणी म्हणून आपला जीव द्यायला आलाय. हे वचन ध्यानात ठेवा. आपल्याला याच्याकडे परत यायचंय, वेल्लोरमार्गे.

पण त्याआधी, येशूचं हे 'प्रशिक्षण' चालायचं कसं? मार्क ३:१४ मध्ये सगळा आराखडा एका वाक्यात आहे. त्याने बारा जणांना नेमलं, कशासाठी? एक, त्यांनी त्याच्यासोबत असावं. दोन, त्याने त्यांना पाठवावं. क्रम बघा. सोबत असणं आधी, पाठवणं नंतर. या 'सोबत असण्यात' व्याख्यानं कमी आणि चालणं जास्त होतं. त्याच्या सोबत ते जेवले, होडीत झोपले, कुष्ठरोग्याला हात लावताना त्याला पाहिलं, दमलेला पाहिला, रडताना पाहिला.

मग सहाव्या अध्यायात तो त्यांना दोघादोघांनी पाठवतो. अंगावर जास्तीचा अंगरखा नाही, पिशवीत भाकर नाही, कमरपट्ट्यात पैसे नाहीत. ज्या घरी राहाल त्या घरच्यांच्या भाकरीवर अवलंबून राहायचं. माझ्या मते प्रशिक्षणाचा हा सगळ्यांत अवघड भाग होता. आपण सेवेला जातो तेव्हा देणारे म्हणून जातो, हातात किटच्या पिशव्या असतात, मोबाइलचा कॅमेरा चालू असतो. येशूने त्यांना घेणारे म्हणून पाठवलं. दुसऱ्याच्या ओट्यावर बसून त्याची भाकरी खाल्ली की त्याच्याकडे 'गरजू' म्हणून बघणं अवघड होतं.

आणि मग ६:३०, जे आपण नेहमी सोडून देतो. ते परत आले आणि काय काय केलं, काय काय शिकवलं, ते सगळं त्याला सांगितलं. म्हणजे परत येऊन सांगायला कुणीतरी होतं! पुढच्याच वचनात तो म्हणतो, चला, एकांतात जाऊन थोडा विसावा घ्या, कारण त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती. मंडळीत जी दोन-तीन तरुण मुलं सगळंच करतात, रविवारशाळा, ध्वनियंत्रणा, नाताळचा कार्यक्रम, खुर्च्या, आणि दोन वर्षांत दमून मंडळीत यायचंच थांबवतात, त्यांच्या पुढाऱ्यांनी हे वचन भिंतीवर लावावं.

आता आपल्या मातीतली उदाहरणं.

पंडिता रमाबाई आपल्याला 'थोर समाजसुधारक' म्हणून शाळेच्या पुस्तकात भेटतात आणि तिथेच राहतात. त्यांच्या आयुष्यात एक छोटा प्रसंग आहे, जो प्रत्येक युवा शिबिरात सांगायला हवा. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या सिस्टरांकडे राहिल्या. त्या सिस्टरांनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम इथलं आपलं काम दाखवायला नेलं. समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे प्रेमाने सांभाळलं जात होतं. रमाबाईंनी संस्कृत शास्त्रं तोंडपाठ केलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरवलेली, वादात कुणाला हार न जाणारी ही बाई. पण असं काही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल एका सिस्टरने योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून समजावली. आपल्या साक्षीत रमाबाईंनी हा प्रसंग स्वतः सांगितला आहे.

इथे क्रम उलटा आहे, पाहिलंत का? आपण आधी वचन शिकवतो आणि शेवटच्या दिवशी वेळ उरला तर 'समाजसेवा' म्हणून एखाद्या आश्रमाला भेट देतो. रमाबाईंच्या बाबतीत आधी काम दिसलं, कामातून प्रश्न उठला, आणि प्रश्नाला उत्तर म्हणून वचन आलं. त्यामुळे ते वचन पुढे कधीच नुसतं वचन राहिलं नाही.

भारतात परत आल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढे ते पुण्याला नेलं. विधवा मुलींना शिकवणारी ही शाळा. तिच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झाल्यावरच्या आनंदीबाई कर्वे. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, पण विधवांच्या शिक्षणाच्या कामात त्या आयुष्यभर राहिल्या. खऱ्या शिक्षणाचं फळ आपल्याच कुंपणात पडतं असं नाही, आणि त्याचं वाईटही वाटून घेऊ नये.

मग १८९६–९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभं राहिलं. आता प्रश्न होता, एवढ्या मुलींना सांभाळणार कोण? बाहेरून माणसं आणायला पैसा नव्हता आणि वेळही नव्हता. शारदा सदनात शिकलेल्या मुलीच पुढे झाल्या. काही वर्षांपूर्वी ज्यांना कुणीतरी दारातून आत घेतलं होतं, त्याच आता कुणाच्या तरी डोक्यातल्या उवा काढत होत्या, खरूज धूत होत्या, अक्षरं गिरवून घेत होत्या. त्यांच्यासाठी नेतृत्वाचा वेगळा कोर्स नव्हता. केडगावात शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः केलेलं मराठी बायबल याच छापखान्यात मुक्तीतल्या बायकांनी खिळे जुळवून छापलं. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं, तोवर रमाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. काम थांबलं नाही, कारण काम करणारे हात त्यांनी आधीच तयार करून ठेवले होते.

१९०५ चं संजीवन सगळ्यांना माहीत असतं. ते सुरू कसं झालं, हे फारसं सांगितलं जात नाही. त्या वर्षाच्या सुरुवातीला रमाबाईंनी विशेष प्रार्थनेसाठी बोलावलं, आणि सुमारे ७० जणी रोज जमू लागल्या. पुढे त्यांनी विचारलं, आसपासच्या खेड्यांत सुवार्ता घेऊन जायला कोण तयार आहे? ३० तरुण मुली पुढे आल्या. त्या तयारीच्या प्रार्थनेत असतानाच जूनच्या शेवटी ते घडलं. आपण शिबिरात त्या रात्रीसारखी रात्र मागतो. त्या मुली मात्र रात्र मागत नव्हत्या, खेड्यात जाण्यासाठी बळ मागत होत्या.

आता वेल्लोर.

राहुरीचे रजनीकांत आरोळे आणि जबलपूरच्या मेबल, दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. त्या कॉलेजचं ब्रीद आपल्या आजच्याच वचनातलं आहे, सेवा करून घ्यायला नव्हे तर सेवा करायला. हजारो डॉक्टर ते ब्रीद वाचत त्या दारातून गेले असतील. या दोघांनी ते गांभीर्याने घेतलं. १९६० साली लग्न करताना त्यांनी ठरवलं की आपलं आयुष्य खेड्यातल्या, कडेला पडलेल्या लोकांसाठी द्यायचं. (लग्नाच्या हॉलचं, केटररचं, ड्रोन शूटिंगचं ठरवताना हेही एकदा ठरवून पाहायला हरकत नाही.)

पण मला सांगायचंय ते पुढचं. निर्णय घेतला म्हणजे सेवा जमली असं झालं नाही. ते अहमदनगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात गेले आणि जीव तोडून काम करू लागले. आणि त्यांच्या लक्षात आलं की तेच ते आजार घेऊन तेच ते लोक परत येतायत. जुलाब, कुपोषण, बाळंतपणातले मृत्यू. दवाखान्यात बसून हे थांबणार नव्हतं. मग त्यांनी काय केलं, तर पुन्हा विद्यार्थी झाले. अमेरिकेला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली जामखेडला आले. तो सगळा दुष्काळी पट्टा. लोकांना विचारलं, काय हवंय? दवाखाना असं उत्तर आलंच नाही. लोक म्हणाले, पाणी आणि अन्न. मग डॉक्टर कूपनलिकांच्या मागे लागले. आणि जागा निवडताना त्यांनी पाहिलं की पंप दलित वस्तीत बसेल. गावाला पाणी हवं असेल तर तिथे यावं लागेल. प्रवचन न देता केलेलं हे प्रवचन आहे.

त्यांचं सगळ्यांत मोठं काम म्हणजे गावच्या आरोग्यसेविका. बऱ्याच जणी निरक्षर, कितीतरी दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. "यांना काय कळणार?" असं म्हणणारे पुष्कळ होते, डॉक्टरांमध्येही. या बाया दर आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या, एकत्र जेवायच्या, रात्री एकत्र झोपायच्या. जातीची जी भिंत भाषणाने पडली नसती, ती एका खोलीत, एका पांघरुणाखाली झोपून ढासळू लागली. मग गावी परतायचं, आठवडाभर काम करायचं, आणि पुढच्या आठवड्यात येऊन काय झालं ते सांगायचं. मार्क ३:१४, मार्क ६:७, मार्क ६:३०. सोबत असणं, जाणं, परत येऊन सांगणं. आरोळे दांपत्याने हे मार्कावरून उचललं असं माझं म्हणणं नाही. पण माणसं घडवायची रीत बहुधा हीच आहे, गालीलात काय आणि जामखेडला काय.

१९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो काही कमी नाही. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे की गावातली बाळंतपणं, लसी, मुलांची वजनं, पाणी हे सगळं त्या आरोग्यसेविका सांभाळू लागल्या, आणि डॉक्टरची गरज पडेल अशा गोष्टी कमी होत गेल्या. स्वतःची गरज कमी करत नेणारा पुढारी! असा फ्लेक्स मी अजून पाहिलेला नाही.

आता परत पनवेलला येऊ.

आपलं शहर फार वेगाने बदलतंय. मेट्रो आली, विमानतळ आला, टॉवर उठतायत. आणि याच तालुक्यात माथेरानच्या पायथ्याशी धोदाणी, मालडुंगेच्या बाजूला ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. ते ख्रिस्ती काम नाही, गांधीविचाराच्या माणसांनी उभं केलेलं आहे, आणि तिथे जाऊन शिकायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. वांगणीला सील आश्रम आहे, जो १९९९ पासून रस्त्यांवर आणि स्टेशनांवर पडलेल्या निराधार, आजारी माणसांना उचलून आणतो, सांभाळतो, आणि जमेल तेव्हा त्यांच्या घरी पोचवतो. आपण गाडीतून ज्या खिडकीकडे पाठ करून बसतो, त्याच खिडकीतून त्यांना माणसं दिसली.

यावरून मार्कातली एक जागा दाखवतो, आपल्या वाचनाला अगदी लागून असलेली. मार्क १०:३६ मध्ये येशू याकोब-योहानाला विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं? पंधराच वचनांनंतर, १०:५१ मध्ये, यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाला तो हाच प्रश्न विचारतो. मार्काने हे दोन प्रसंग जवळजवळ का ठेवले, ते बघा. एकाच प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. आतल्या तुकडीतले दोघे खुर्ची मागतात. रस्त्यावरचा भिकारी म्हणतो, मला दिसू दे. आणि त्याला 'गप्प बस' म्हणणारे कोण होते? येशूच्या मागून चालणारे. ते कार्यक्रमाच्या वेळापत्रकात असतील. त्यांना यरुशलेमेला पोचायचं होतं.

म्हणून शिबिरातून आलेल्या तरुणाला मी एवढंच विचारेन, की तुला आता काय दिसू लागलंय? स्टेशनच्या पुलावर काही वेगळं दिसलं का? सोसायटीत कचरा उचलायला येणाऱ्या मावशींचं नाव माहीत झालं का? घरी आईच्या हातातलं काम दिसलं का? घरचं काम न दिसता वाडीवर जाऊन सेवा करणारी मुलं मी पुष्कळ पाहिलीत, आणि त्यांच्या सेवेबद्दल मला जरा शंकाच असते.

एक अवघड गोष्ट राहिली. याच बाराजणांत यहूदा होता. तोच शिक्षक, तेच चमत्कार, तोच दोघादोघांचा दौरा, वर पैशांची थैली म्हणजे जबाबदारीचं पद. योहान १२:६ सांगतं की त्या थैलीतलं तो घ्यायचा. म्हणजे चांगलं प्रशिक्षण मिळालं की माणूस सेवक होतोच, असं नाही. येशूने त्याचेही पाय धुतले. शिबिर घेणाऱ्यांनी स्वतःवर सगळं ओझं घेऊ नये आणि सगळं श्रेयही घेऊ नये, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

आणि खुर्ची मागणारे ते दोघे? येशूने त्यांना विचारलं होतं, माझा प्याला तुम्ही पिऊ शकाल? ते म्हणाले, हो. बहुतेक न कळताच म्हणाले. प्रेषितांची कृत्ये १२:२ काढा. हेरोदाने तरवारीने ठार केलेला याकोब तो हाच. बारा जणांपैकी ज्याच्या मृत्यूची हकीकत शास्त्रात आहे असा पहिला विश्वासू साक्षीदार. खुर्ची मिळाली नाही, प्याला मिळाला, आणि तेव्हा तो मागे हटला नाही.

पेत्राचं बघा. पुष्कळ वर्षांनी तो वडिलांना पत्र लिहितो, १ पेत्र ५:३. कळपावर धनीपण करू नका. तिथे त्याने वापरलेलं ग्रीक क्रियापद मार्क १०:४२ मधलंच आहे, परराष्ट्रीय अधिकाऱ्यांबद्दल येशूने वापरलेलं. रस्त्यात रागावलेल्या दहांमध्ये असताना ऐकलेला तो शब्द त्याच्या कानात इतकी वर्षं राहिला होता! आणि पाचव्या वचनात तो नम्रता 'कमरेला बांधा' अशा अर्थाचा शब्द वापरतो, गुलाम कामाला लागताना बांधतात त्या फडक्याची आठवण करून देणारा. हे लिहिताना पेत्राच्या डोळ्यांपुढे कोणती रात्र असेल? त्या रात्री तो म्हणाला होता, माझे पाय तू कधीच धुणार नाहीस.

या आठवड्यासाठी एक काम. तुमच्या मंडळीत तुमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असलेलं एक कुणीतरी निवडा. त्याला किंवा तिला शिकवायला बसू नका. एखादं काम करायला जाताना सोबत न्या, आजारी माणसाला भेटायला, डबा द्यायला, रविवारच्या आधी हॉल झाडायला. परत येताना चहा प्या आणि विचारा, तुला काय दिसलं? उत्तर ऐकून घ्या. लगेच वचन सांगू नका.

प्रार्थना:
हे प्रभू येशू, आमच्या शिबिरांच्या रात्रींबद्दल तुझे आभार, आणि सोमवारच्या सकाळींबद्दलही. ज्यांनी आम्हांला सोबत नेलं, त्यांची नावं आज आम्ही तुझ्यासमोर घेतो. स्टेशनवर, सोसायटीत, वाडीवर आणि आमच्या घरात आम्हांला जे दिसत नाही, ते दिसू दे. थकलेल्या युवा पुढाऱ्यांना तू एकांतात विसावा दे. आमेन.

उद्याचं वाचन: योहान १३:१–१७